एका पत्र्यावरचे सगळे रंग

रंगीत छापचित्र म्हणजे एकेका रंगाचा वेगळा पत्रा आणि तितक्याच वेळा छपाई, ही जुनी रीत. ती पॅरिसमध्ये मोडली गेली, आणि त्यात एक मुंबईकर होता.

मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले कैको मोती १९५०च्या दशकात छापचित्रकार स्टॅन्ली हेटर यांच्या पॅरिसमधल्या ‘आतेलिए १७’ या १९२७ साली सुरू झालेल्या कार्यशाळेत काम करू लागले. तिथेच आंध्रचे कृष्णा रेड्डी होते. दोघांनी शाईच्या घट्टपणावर प्रयोग केले. आम्लाने पत्रा कमी-जास्त खोल कोरायचा, एका शाईत जवसाचे तेल जास्त, दुसरीत कमी. शाई लावणारा कडक रूळ फक्त वरच्या पातळीला टेकतो, मऊ रूळ खोलात उतरतो. तेलकट शाई घट्ट शाईला अंगावर बसू देत नाही. म्हणून सगळे रंग एकाच दाबात कागदावर येतात!

रेड्डींच्या ‘व्हर्लपूल’ (१९६३) मधले भोवरे या कोरण्यातूनच घडले. अशा अमूर्त चित्रात विषय सांगायला आकृती नसते, तेव्हा हाताची ही खटपटच चित्राचा प्राण ठरते.

ही खटपट मुलांनाही कळावी म्हणून आपल्या अंजनगाव सुर्जी, दर्यापूरच्या कलाशिक्षकांनी त्यांच्या हाती लिनोलियमचा तुकडा आणि कोरणी जरूर द्यावी. छाप कसा उमटतो, हे त्यांना स्वतः करून पाहू द्यावे.