वाट मागणारा दिवा

न्यूयॉर्क म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं आभाळाला भिडणाऱ्या इमारती उभ्या राहतात. पण त्याच नावाच्या राज्याचा मोठा भाग शेतांचा, कुरणांचा आणि लहान लहान गावांचा आहे. अशा एखाद्या गावातलं एक घर डोळ्यांसमोर आणा. रात्रीची वेळ आहे. घरातली मंडळी जेवायला बसली आहेत. घरचा कर्ता दिवसभर नळदुरुस्तीची कामं करून दमून आला आहे. एवढ्यात त्याच्या कमरेचा पेजर वाजतो. ताट तसंच टाकून तो उठतो, दारातल्या गाडीत बसतो आणि एक खटका दाबतो. गाडीच्या पुढच्या काचेमागे निळा दिवा लुकलुकू लागतो. गावात कुणाच्या तरी घराला आग लागली आहे आणि ती विझवायला हा नळदुरुस्तीवाला निघाला आहे.

या कामाचा त्याला पगार नाही. तो स्वयंसेवक आहे, आणि असा तो एकटा नाही. २०२० साली अमेरिकेत सुमारे १०,४१,२०० अग्निशामक होते. त्यांतले ६,७६,९०० स्वयंसेवक होते, म्हणजे शंभरातले पासष्ट. मोठ्या शहरांत पगारी दलं आहेत, पण खेड्यापाड्यांची आग विझवतात ती शेजारचीच माणसं. कुणी शिक्षक, कुणी सुतार, कुणी दुकानदार. बंब गावातल्या ठाण्यात उभा असतो आणि माणसं आपापल्या घरी असतात. म्हणून आगीची खबर आली की पहिली धावपळ होते ती घरापासून ठाण्यापर्यंतची, आणि ती होते स्वतःच्या गाडीतून. तो निळा दिवा या धावपळीसाठी आहे.

आपल्याकडं दिवा म्हणजे अधिकार, असं समीकरण आपल्या मनात पक्कं बसलेलं आहे. गाडीवर दिवा दिसला की रस्ता मोकळा करायचा आणि शक्य तर सलामही ठोकायचा. न्यूयॉर्कच्या त्या निळ्या दिव्याला मात्र असा कोणताच अधिकार नाही. दिवा लावला तरी सिग्नल लाल असेल तर थांबायचं. वेगाची मर्यादा पाळायची. भोंगा वाजवायचा नाही. दलाच्या प्रमुखाची लेखी परवानगी असेल तरच दिवा लावायचा, तोही संकटाच्या हाकेला निघालेलं असतानाच. पुढच्या गाडीवाल्यानं बाजू दिली तर त्याचे आभार, नाही दिली तर मागून मुकाट चालायचं. तिथले लोक त्याला ‘सौजन्याचा दिवा’ म्हणतात. हा दिवा हुकूम करत नाही. तो फक्त म्हणतो, ‘बाबा रे, मी कुणाच्या तरी मदतीला निघालो आहे, जमलं तर वाट दे.’

एवढ्याशा दिव्याला इतकी बंधनं का, हे समजून घ्यायचं तर थोडं मागं जायला हवं.

न्यूयॉर्क डचांच्या ताब्यात होतं तेव्हा, सतराव्या शतकात, रात्रीचे पहारेकरी लाकडी खुळखुळे घेऊन गल्ल्यांतून फिरत. आग दिसली की खुळखुळा वाजवायचा आणि गाव जागं करायचं. पुढं १७३६ साली फिलाडेल्फियात बेंजामिन फ्रँकलिन यांनी ‘युनियन फायर कंपनी’ स्थापन केली. सुरुवातीला सभासद तीस. प्रत्येकानं पाण्यासाठी कातडी बादल्या आणि जळत्या घरातलं सामान बाहेर काढण्यासाठी पिशव्या, टोपल्या तयार ठेवायच्या. महिन्याला एक बैठक. गैरहजर राहील त्याला दंड. या दंडाच्या पैशांतून बंब, शिड्या आणि आकडे विकत घेतले जात, असं फ्रँकलिन यांनी आपल्या आत्मचरित्रात नोंदवलं आहे. शेजारधर्माला नियमाची जोड देण्याची ही सुरुवात होती.

तेव्हाचे बंब माणसंच ओढत. रात्री रस्ते अंधारे आणि खड्ड्यांचे. म्हणून बंबाच्या पुढं हातात मशाल घेतलेली पोरं धावत. आपल्याकडं पालखीपुढं धावणारा मशालजी किंवा दिवट्या असे, तसंच. फरक एवढाच, की आपला दिवट्या पालखीतल्या बड्या असामीसाठी धावे आणि ती पोरं आग लागलेल्या कुठल्याही घरासाठी धावत. बंबावरही कंदील असे आणि त्याच्या काचेवर दलाचा क्रमांक कोरलेला असे. संकटाच्या वाटेवरचा दिवा असा मोटारींच्या कितीतरी आधीचा आहे.

त्या क्रमांकात अभिमान होता आणि अभिमानाबरोबर येणारा दोषही होता. आगीपाशी आधी कोण पोचतं आणि पाण्याचा नळ आधी कोण पकडतं, यावरून दलादलांत चुरस लागे. चुरशीची भांडणं होत आणि भांडणांच्या हाणामाऱ्या. घर जळत राही आणि विझवायला आलेले एकमेकांची डोकी फोडत. लोक कंटाळले. १८५३ साली सिनसिनाटी शहरानं वाफेच्या बंबासह पगारी दल उभारलं. १८६५ साली न्यूयॉर्क शहरानंही स्वयंसेवकांना निरोप देऊन पगारी दल आणलं. मदतीला धावणाऱ्याच्या मनातही ‘मी पहिला’ हा अहंकार शिरू शकतो, हा धडा त्या शहरांनी तेव्हा घेतला.

खेड्यांना पगारी दल परवडणारं नव्हतं, त्यामुळं तिथं स्वयंसेवक राहिले. त्यांना बोलावण्याची साधनं तेवढी बदलत गेली. आधी चर्चची घंटा होती. बोस्टननं १८५२ मध्ये तारायंत्रावर चालणारी आगीची सूचना सुरू केली, पण ती शहरातली गोष्ट. गावात पुढं विजेचा भोंगा आला. आपल्या नगरपालिकांचा भोंगा ज्यांनी ऐकला असेल त्यांना तो आवाज वेगळा सांगायला नको. अमेरिकेतल्या कित्येक गावांत तो अजून वाजतो. त्यानंतर घरातलं रेडिओयंत्र, मग कमरेचा पेजर आणि आता त्याच्या जोडीला मोबाइल.

विसाव्या शतकात मोटार आली, तसा मशालीवाला पोरगा गेला आणि दिवा गाडीवर चढला. दुसऱ्या महायुद्धानंतर फिरत्या आरशाचे दिवे सर्रास झाले. चुंबकानं टपावर चिकटवायचे दिवे निघाले. १९७३ साली सुरू झालेल्या ‘कोजॅक’ या दूरचित्रवाणी मालिकेतला पोलीस अधिकारी तसा दिवा हात बाहेर काढून टपावर ठेवी, म्हणून त्या दिव्याला ‘कोजॅक’ हेच नाव पडलं. हॅरॉल्ड एजर्टन यांनी १९३० च्या दशकात विकसित केलेला स्ट्रोब प्रकाश, मुळात वेगवान हालचालींची छायाचित्रं घेण्यासाठीचा, तोही पुढं गाड्यांवर आला. आता एलईडीचं राज्य आहे. निळ्या एलईडीच्या शोधासाठी तीन शास्त्रज्ञांना २०१४ चं नोबेल मिळालं. नखाएवढा दिवा आज डोळे दिपवतो.

दिवे असे स्वस्त आणि तेजस्वी झाले, तशी एक नवी अडचण उभी राहिली. काही हौशी मंडळी गाडीला पुढूनमागून इतके दिवे लावतात की जत्रेतला पाळणा बरा. त्यांचे सहकारीच त्यांना हसतात. पण गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. काळोख्या रस्त्यावर फार तेज लुकलुकणारा प्रकाश समोरून येणाऱ्याला आंधळा करतो, आणि कडेला उभा असलेला मदतनीसच त्याला दिसत नाही.

खरा धोका मात्र चालवणाऱ्याच्या डोक्यात असतो. दिवा लागला की पाय आपोआप जोर धरतो. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनानं १९९० ते २००० या काळातल्या अग्निशामकांच्या मृत्यूंचा अभ्यास केला. वाहन अपघातांत मेलेल्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश जण स्वतःच्या खासगी गाडीत होते. ते आगीपर्यंत पोचलेही नव्हते, किंवा तिथून घरी परतले नव्हते. ज्याच्या घराला आग लागली त्याला मदत नाही, आणि मदतीला निघालेल्याच्या घरी दुःख. आणि ही घाई वाचवते तरी किती? नॉर्थ कॅरोलिनातल्या ग्रीनव्हिल इथं १९९५ च्या एका अभ्यासात रुग्णवाहिकेनं दिवा आणि भोंगा लावून केलेला प्रवास आणि साधा प्रवास यांची तुलना झाली. सरासरी फरक निघाला ४३.५ सेकंदांचा. एखाद्या गुदमरणाऱ्या जिवाला तेवढे सेकंदही मोलाचे असतात, हे खरं. पण दर वेळी त्या सेकंदांसाठी चौकातल्या अनोळखी माणसाचा जीव पणाला लावायचा का? निळ्या दिव्यावरची बंधनं या प्रश्नाचं उत्तर आहेत.

रंगांची कथाही गमतीची आहे. न्यूयॉर्कमध्ये आगीच्या स्वयंसेवकाला निळा दिवा आणि रुग्णवाहिकेच्या स्वयंसेवकाला हिरवा. नायगाराचा पूल ओलांडून कॅनडातल्या ओंटारिओत गेलं की हिरवा दिवा आगीच्या स्वयंसेवकाचा होतो. न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनियात स्वयंसेवक निळा लावतात. फ्लोरिडात निळा फक्त पोलिसांचा, स्वयंसेवकाला लाल. परगावच्या चालकाला कोणत्या रंगाला काय मान द्यायचा हे कळावं कसं? शेवटी रंगापेक्षा लोकांची समज महत्त्वाची ठरते.

म्हणूनच काही देशांनी खासगी गाडीवर दिवा दिलाच नाही. जर्मनीत स्वयंसेवक अग्निशामकांची संख्या दहा लाखांच्या घरात आहे. त्यांच्या खासगी गाडीला निळा दिवा लावता येत नाही. अनेक जण ‘अग्निशामक कामगिरीवर’ अशी टपावर ठेवायची पाटी वापरतात. पाटीला कायद्याचं बळ नाही, तरी लोक बाजू देतात. ब्रिटनमध्ये नोंदणीकृत डॉक्टरला आणीबाणीच्या वेळी हिरवा दिवा लावता येतो, पण सिग्नल तोडण्याची सूट त्यालाही नाही. तिथल्या किनाऱ्यावर बुडत्यांना वाचवणाऱ्या जीवरक्षक नौकांचे बहुतेक खलाशी स्वयंसेवकच. पूर्वी त्यांना बोलावायला आकाशात बार उडवत, आता पेजर वाजतो. तेही घरून बंदरापर्यंत दिव्याविनाच जातात.

आता आपल्या घराकडं पाहू. आपल्या देशात दिवा होता, आणि भरपूर होता. फक्त तो चुकीच्या टपांवर होता. मंत्री, अधिकारी, अध्यक्ष, उपाध्यक्ष. ज्याला कुठंही धावायचं नव्हतं त्याच्या गाडीवर लाल दिवा फिरत होता. १० डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं लाल दिवा उच्च घटनात्मक पदांपुरता मर्यादित ठेवण्याचा आदेश दिला. १ मे २०१७ पासून, म्हणजे नेमक्या आपल्या महाराष्ट्र दिनी, केंद्र सरकारनं बड्या पदांच्या गाड्यांवरचे लाल दिवे काढून टाकले. दिवा राहिला तो रुग्णवाहिका, बंब, पोलीस अशा संकटात धावणाऱ्या वाहनांपुरता. २०१९ च्या दुरुस्तीनं अशा वाहनाला वाट न देणाऱ्याला १०,००० रुपये दंडाची तरतूदही केली.

आणि आपल्याकडचे धावणारे स्वयंसेवक? ते आहेतच. २८ जुलै २०१८ रोजी दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची बस आंबेनळी घाटात दरीत कोसळली. तेव्हा महाबळेश्वर आणि पोलादपूर परिसरातले गिर्यारोहक दोर घेऊन त्या खोल दरीत उतरले. लोणावळ्यात, सह्याद्रीच्या कड्याकपारींत कुणी अडकलं की हीच तरुण मंडळी हातातली कामं टाकून निघतात. त्यांच्या गाडीवर दिवा नाही, टपावर पाटी नाही. पावसाळी रविवारी सहलीच्या गाड्यांनी तुंबलेल्या घाटात त्यांनी काय करायचं? खिडकीतून हात बाहेर काढायचा आणि विनवायचं.

त्यांना दिवे वाटा, असं मी म्हणणार नाही. दिव्याची हौस आपल्या अंगात किती मुरलेली आहे, हे आपण सगळे जाणतो. वाटलेला दिवा चार दिवसांत कुणाच्या पुतण्याच्या गाडीवर दिसेल, सांगता येत नाही. अमेरिकेतल्या गावांनाही लेखी परवानगी आणि इतकी बंधनं घालूनच तो सांभाळावा लागतो. शिवाय दिवा देऊन माणसं मिळत नाहीत. अमेरिकेत १९८४ मध्ये ८,९७,७५० स्वयंसेवक अग्निशामक होते. ते २०२० पर्यंत पावणेसात लाखांवर आले. दिवे अधिक तेजस्वी झाले, पण ताटावरून उठणारी माणसं कमी झाली.

पण त्या निळ्या दिव्याकडून एक गोष्ट घेता येईल. वाट मागणाऱ्याकडं अधिकार नसतानाही वाट देता येते, हे त्या गावांतले लोक रोज करून दाखवतात. दंडाच्या भीतीनं रुग्णवाहिकेला वाट देणं सोपं आहे. दिवा नसलेल्या गाडीतून बाहेर आलेला तो हात ओळखणं अवघड आहे. या पावसाळ्यात घाटात असा हात दिसला, तर आपली गाडी थोडी डावीकडं घ्या. पुढं कुणीतरी त्याची वाट पाहत असेल.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)