कौल आणि कारण : 'यी चिंग'कडे पाहण्याची धम्मदृष्टी

चीन देशातील 'यी चिंग' म्हणजे 'परिवर्तनाचा ग्रंथ' हा जगातील अतिप्राचीन शकुनग्रंथांपैकी एक होय. हा ग्रंथ आपल्याकडे फारसा वाचला जात नाही; परंतु लाल दोऱ्यात ओवलेली चिनी नाणी आणि ढेरपोट्या 'हसऱ्या बुद्धा'च्या मूर्ती मात्र शहरांप्रमाणे तालुक्याच्या बाजारपेठांतही दिसतात. ही मूर्ती तथागतांची नव्हे. दहाव्या शतकाच्या सुमारास होऊन गेलेल्या बुदाई नावाच्या चिनी भिक्खूची ती प्रतिमा आहे. तरीही 'बुद्ध' या नावामुळे काही उपासकांच्या मनात प्रश्न उभा राहतो : बौद्ध देशातून आलेली ही विद्या संसारातील अडचणी दूर करील काय? या प्रश्नाचे उत्तर चीनमधील बौद्धांच्याच इतिहासातून शोधावे, असे आम्हांस वाटते.

'यी चिंग'चा गाभा सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचा. अखंड आणि तुटक अशा दोनच रेषा. सहा रेषा एकावर एक रचल्या की एक आकृती होते आणि अशा एकूण 64 आकृती होतात. एका रानवनस्पतीच्या 50 काड्या घ्यावयाच्या, एक बाजूला ठेवावयाची आणि उरलेल्या 49 पुनःपुन्हा विभागून प्रत्येक रेषा ठरवावयाची, ही मूळ पद्धत. पुढे तीन नाणी उडविण्याची सोपी रीत आली. जी आकृती निघेल तिच्याखालील वचन हा प्रश्नकर्त्याचा कौल.

अशा विद्येविषयी तथागतांची भूमिका निःसंदिग्ध आहे. दीघनिकायातील ब्रह्मजाल सुत्तात श्रमणाने कोणत्या मार्गाने उदरनिर्वाह करू नये, याची दीर्घ यादी येते. तीत अंगलक्षणे, स्वप्ने व ग्रहणे यांवरून भविष्य सांगणे तर आहेच. पण यंदा पाऊस चांगला होईल की अवर्षण पडेल, सुकाळ येईल की दुष्काळ, हे सांगणेही आहे. नक्खत्त जातकातील कथा बोलकी आहे. नक्षत्र अनुकूल नाही म्हणून वरपक्ष ठरल्या दिवशी येत नाही. वधूपक्ष वाट पाहून मुलीचा विवाह दुसरीकडे लावून देतो. नक्षत्र आकाशातच राहिले आणि करावयाचे काम हातचे गेले.

तथापि इतिहास प्रांजळपणे वाचला पाहिजे. सातव्या शतकात महाराष्ट्राला भेट देणारा थोर चिनी भिक्खू ह्युएन त्संग याने नालंदा येथे वज्र नावाच्या एका निर्ग्रंथ साधूला, आपण येथे राहावे की मायदेशी परतावे, असे विचारल्याचे त्याच्या चरित्रात नमूद आहे. राहणे उत्तम, परतणेही चांगले पण तितके नव्हे आणि आयुष्य आणखी दहा वर्षांचे, असा कौल मिळाला. तो ऐकूनही ह्युएन त्संग परत गेला. इ. स. 645 मध्ये तो चीनच्या राजधानीत पोहोचला आणि 664 मध्ये निधन होईपर्यंत त्याने 75 ग्रंथांचे भाषांतर केले. अनिश्चिततेच्या क्षणी विद्वानालाही विचारावेसे वाटते; मोठेपण आहे ते त्यानंतरच्या परिश्रमात.

चिनी बौद्धांनी शकुनाची ही ओढ नाकारली नाही. तिची दिशा बदलली. सहाव्या शतकात तेथे क्षितिगर्भ बोधिसत्त्वाच्या मुखी घातलेले एक सूत्र प्रचारात आले. त्यात लाकडी भोवऱ्यांनी कौल लावण्याची रीत आहे. पहिले दहा भोवरे कुशल-अकुशल कर्मांचे, पुढचे तीन काया, वाचा व मन यांचे. कौल लावावयाचा तो प्रथम आपल्या दोषांचा शोध घेण्यासाठी. पश्चात्ताप आणि शुद्ध आचरण हे त्याचे फलित मानलेले आहे. सरकारी अधिकाऱ्यांनी या प्रथेवर प्रथम बंदी आणली. परंतु 695 मध्ये या सूत्राला अधिकृत मान्यता मिळाली.

पुढे ओउयी (1599–1655) या भिक्खूने 'यी चिंग'वरच बौद्ध भाष्य लिहिले. ते 1645 मध्ये पूर्ण झाले. त्याच वर्षी नानजिंग मांचूंच्या हाती पडले होते. राज्य कोसळत असताना या भिक्खूने शकुनाच्या पोथीतून चित्तशुद्धीचा अर्थ काढला, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे.

मूळ ग्रंथाच्या प्राचीन टीकांतही या अर्थाचे बीज आहे. 39वी आकृती अडथळ्याची : खाली पर्वत, वर पाणी. तेथे सज्जनाने स्वतःकडे वळून आपले शील सुधारावे, असा भाव आहे. पाचवी आकृती प्रतीक्षेची : ढग आकाशात चढले आहेत, पाऊस अद्याप नाही, तोवर खाऊनपिऊन प्रसन्न राहावे. 48वी विहिरीची : गाव हलविता येते, विहीर हलत नाही, दोर अपुरा पडला वा घागर फुटली तर पाणी असूनही हाती लागत नाही, म्हणून बांधकाम वेळीच दुरुस्त करावे.

या तिन्ही आकृती आमच्या वाशीम जिल्ह्यातील शेतकऱ्याला परक्या वाटणार नाहीत. येथील सोयाबीन आणि तूर मुख्यतः पावसावर. मृगाचे वाहन कोल्हा की बेडूक, हे पंचांगात पाहिले जाते. शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात भेंडवळ येथे अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते. धान्यांची वर्तुळे आणि पावसाच्या चार महिन्यांची चार ढेकळे मांडून दुसऱ्या पहाटे भाकीत सांगितले जाते. ते ऐकून पेरणी केली आणि पावसाने दडी मारली, तर दुबार पेरणीचे कर्ज भाकीत सांगणाऱ्याच्या नव्हे, शेतकऱ्याच्याच माथी बसते. 2006 मध्ये केंद्र सरकारने शेतकरी आत्महत्यांमुळे विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी विशेष मदत जाहीर केली, त्यांत वाशीम होता. म्हणून हा प्रश्न केवळ पांडित्याचा नाही.

कृषी खाते सांगते की 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याखेरीज पेरू नये. घरच्या सोयाबीनचे 100 दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळावेत; 70 उगवले तर बियाणे पेरणीयोग्य. एकीकडे 50 काड्या, दुसरीकडे 100 दाणे. मोजणी दोहोंकडे आहे. परंतु काडीला शेताची खबर नसते. दाणा मात्र स्वतःचीच स्थिती सांगतो.

वाशीम हेच प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. येथील राजा हरिषेण याचा अमात्य वराहदेव याने अजिंठ्याचे 16वे लेणे भिक्खुसंघाला दान दिले. त्याच काळातील 17व्या लेण्याच्या ओसरीत भवचक्र रंगविलेले आहे. दुःख कशातून उपजते आणि कोणती कडी तुटली असता ते थांबते, हा प्रतीत्यसमुत्पादाचा विचार त्या चित्रामागे आहे. कौल विचारतो, पुढे काय होईल. धम्म विचारतो, हे कशामुळे झाले. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी 1957 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात दैवी चमत्कारांवरील विश्वासाला अधम्म ठरविले, ते याच कार्यकारणभावाच्या आधारे.

तेव्हा 'यी चिंग' वाचण्यास आमचा विरोध नाही. एका प्राचीन जनतेचे अनुभवसिद्ध शहाणपण म्हणून तो अवश्य वाचावा. नाणी उडविण्यासाठी मात्र उघडू नये. अडथळा आला की स्वतःकडे वळावे, पाऊस लांबला की धीर धरावा आणि विहीर वेळीच बांधून घ्यावी, एवढे जरी उपासकांनी त्यातून घेतले, तरी चिनी भिक्खूंच्या परिश्रमाचे चीज झाले, असे आम्ही समजू.