ईएन-८ की ईएन-२४? एका छोट्या क्रँकशाफ्टची गोष्ट

नाशिकहून त्र्यंबकेश्वरला निघालं की वाटेत सातपूर एमआयडीसी लागते. तिथे पोलादाच्या दुकानात 'शाफ्टसाठी चांगलं स्टील द्या' म्हटलं की उत्तर ठरलेलं: ईएन-८ देऊ की ईएन-२४? त्र्यंबकच्या एका श्रोत्याला हाच प्रश्न पडलाय. तो मुठीएवढं पेट्रोल इंजिन बनवतोय, क्रँकशाफ्टसकट. मी कोड लिहिणारा माणूस, पण हे 'ईएन' शोधता शोधता थेट दुसऱ्या महायुद्धात पोचलो.

त्याआधी ब्रिटनमध्ये विमानवाल्यांची पोलादाची यादी वेगळी, मोटारवाल्यांची वेगळी. युद्धात निकेल, क्रोमियम जपून वापरायची वेळ आली आणि इतके प्रकार परवडेनात. म्हणून १९४१ साली 'ब्रिटिश स्टँडर्ड ९७०' मध्ये यादी छाटली आणि उरलेल्या पोलादांना सरळ क्रमांक दिले. ईएन म्हणजे 'इमर्जन्सी नंबर', असंच बहुतेक जण सांगतात. (आजच्या युरोपियन ईएनशी याचा संबंध नाही, गुगल करताना गोंधळू नका.)

१९७० च्या दशकात ब्रिटिशांनी स्वतःच नंबर बदलले. ईएन-८ झालं ०८०एम४०, ईएन-२४ झालं ८१७एम४०. आपल्या भारतीय मानकात ईएन-८ च्या जवळचं पोलाद आहे ४०सी८. पण सातपूरला '४०सी८ द्या' म्हणून बघा, 'म्हणजे ईएन-८ ना?' असंच विचारतील. तात्पुरती म्हणून केलेली नावं ऐंशी वर्षांनंतरही चालू आहेत. आमच्या कोडमध्येही 'टेम्प' नावाचे व्हेरिएबल असेच अमर होतात!

आता फरक काय? दोन्हींत कार्बन साधारण ०.४ टक्के. ईएन-२४ मध्ये वर सुमारे दीड टक्का निकेल, एक टक्क्याच्या आसपास क्रोमियम आणि थोडं मॉलिब्डेनम. त्यामुळे ते तुटायला कितीतरी जड. पण इथेच बरेच जण फसतात. शाफ्ट वाकतो किती, हे महागड्या मिश्रणावर ठरत नाही. साधं एमएस घ्या नाहीतर ईएन-२४, यंग्ज मॉड्युलस सुमारे २०० गिगापास्कलच. कमी वाकायला हवा असेल तर जाडी वाढवा. व्यास दुप्पट केला की ताठपणा सोळापट!

राइट बंधूंचं १९०३ चं इंजिन आठवा. त्यांचा मेकॅनिक चार्ली टेलर याने क्रँकशाफ्ट पोलादाच्या एका अखंड पट्टीतून काढला. पट्टी ३१ इंच लांब, ६ इंच रुंद, दीड इंचाहून थोडी जाड. त्याने आकाराच्या कडेने ड्रिलने भोकं पाडली, मधला भाग छिन्नी-हातोड्याने उडवला आणि मग लेथवर टर्निंग. तयार शाफ्ट १९ पौंडांचा. बाकीचं पोलाद सगळं कचऱ्यात.

ट्रकच्या क्रँकशाफ्टला हे परवडत नाही. १९६१ साली सुरू झालेल्या पुण्याच्या भारत फोर्जसारख्या कारखान्यात लालबुंद पोलाद डायमध्ये ठोकून आकार देतात. मग धातूचे तंतू शाफ्टच्या वळणाबरोबर वळतात. बारमधून कापला की ते तंतू वेबमध्ये तुटतात. मुठीएवढ्या इंजिनावर ताण इतका कमी असतो की ते चालून जातं.

मॉडेलवाल्याचा खरा शत्रू वेगळाच आहे, तो म्हणजे बारमध्ये दडलेला ताण. थंड ओढून काढलेला चकचकीत ब्राइट बार दिसायला छान, पण एका बाजूने कापला की केळ्यासारखा वाकतो. म्हणून मी तरी म्हणेन, पहिल्या शाफ्टला ईएन-८ चा काळा, हॉट रोल्ड बार घ्या. स्वस्त आहे, घरच्या लेथवर कापला जातो आणि जॉब बिघडला तर रडू येत नाही. लेथ दणकट असेल, कार्बाइडचे टूल असतील, तर ईएन-२४टी घ्या. तो कारखान्यातूनच हार्डन-टेम्पर होऊन येतो, नंतर भट्टीत घालायची गरज नाही.

आधी थोडा माल शिल्लक ठेवून रफ कट मारा. जो काही वाकायचा तो तेव्हाच वाकू दे. क्रँकपिन जिथे वेबला मिळते तिथे काटकोन ठेवू नका, छोटी गोलाई द्या, कारण तडा तिथूनच सुरू होतो. आणि दोन्ही टोकं टर्न करताना वेबच्या मधल्या फटीत घट्ट बसणारा लोखंडी तुकडा अडकवा, नाहीतर सेंटरच्या दाबाने वेब आत मिटतात.