जॅकी चॅनची 'पोलीस स्टोरी', चिकलठाण्याचं पॉलिस्टर आणि आपल्या माळ्यावरच्या कॅसेट

हाँगकाँगच्या एका पोलीस सिनेमाचा आणि आपल्या चिकलठाणा-चितेगावचा काय संबंध, असं कुणीही विचारेल. संबंध आहे, आणि तो आजही आपल्या घरातल्या माळ्यावर पडून आहे. पोस्ट लांबलीय, पण वेळ काढून वाचा.

आधी सिनेमा. 'पोलीस स्टोरी' डिसेंबर १९८५ मध्ये हाँगकाँगला लागला. भाषा कँटोनीज, दिग्दर्शक आणि नायक स्वतः जॅकी चॅन. त्याच वर्षी त्याने अमेरिकन दिग्दर्शकाच्या हाताखाली 'द प्रोटेक्टर' केला होता आणि त्यातली मारामारी त्याला अजिबात पटली नव्हती. मग घरी येऊन त्याने आपल्या पद्धतीचा सिनेमा काढला. डोंगरउतारावरच्या झोपडपट्टीतून मोटारी खाली घुसतात, छत्रीच्या दांड्याला लटकून नायक बसचा पाठलाग करतो, आणि शेवटी शॉपिंग मॉलमध्ये दिव्यांच्या माळा गुंडाळलेल्या खांबावरून तो कित्येक मजले घसरत खाली येतो. त्या एका उडीत त्याचे हात भाजले, पाठीला आणि कमरेला मार बसला. इतक्या काचा फुटल्या की युनिटमधली माणसं या सिनेमाला गमतीने 'ग्लास स्टोरी' म्हणायची. हाँगकाँग फिल्म अवॉर्डमध्ये तो त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला. पुढे हॉलिवूडने 'टँगो अँड कॅश'मध्ये बसचा आणि 'बॅड बॉईज टू'मध्ये झोपडपट्टीचा प्रसंग जवळजवळ तसाच उचलला.

आपल्याकडे हा सिनेमा आला तो कॅसेटवर. मी पाहिला तो सिडकोत, भाड्याने आणलेल्या व्हीसीआरवर. चार घरांची वर्गणी, एका रात्रीत तीन सिनेमे, पहाटेपर्यंत जागरण. चित्रात मुंग्या, आवाज इंग्रजी डबिंगचा, आणि तो इंग्रजीही अर्ध्यांना कळत नव्हता. तरी चालायचं, कारण मारामारीला भाषांतर लागत नाही.

पण आपण नेमकं काय पाहिलं? मूळ सिनेमा रुंद पडद्यासाठी काढलेला, रुंदी उंचीच्या सव्वादोन पटींहून जास्त. जुना टीव्ही जवळजवळ चौकोनी. हाँगकाँगच्या सिनेमांच्या कॅसेटवर बहुतेक वेळा दोन्ही बाजू छाटून मधला तुकडा भरलेला असायचा. म्हणजे चित्राचा चाळीस टक्क्यांहून जास्त भाग गायब. जॅकी चॅनची सगळी करामत फ्रेमच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालते, आणि आपण टोकं न बघताच टाळ्या वाजवल्या.

आता चिकलठाणा. व्हिडिओ टेप म्हणजे पॉलिस्टरची पातळ पट्टी आणि तिच्यावर चुंबकीय थर. पॉलिस्टर फिल्म बनवणाऱ्या गरवारेंचे कारखाने आपल्या चिकलठाण्यात आणि वाळूजमध्ये. पैठण रोडवर चितेगावला धूतांचं व्हिडिओकॉन, ज्यांचे टीव्ही देशभर गेले. व्हिडिओच्या धंद्याची दोन मोठी नावं आणि दोन्ही आपल्या शहराच्या वेशीवर. किती जणांचे वडील, काका, मामा तिथे शिफ्टला जायचे, ते तुम्हालाच माहीत.

कायद्याच्या इतिहासातही हे नाव आहे. १९८४ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. कॅसेटवर निर्मात्याचं नाव-पत्ता आणि सेन्सॉर प्रमाणपत्राची प्रत छापणं बंधनकारक झालं, शिक्षा वाढली. पण तेवढ्यात केबलवाले आले. एका खोलीत व्हीसीआर, तिथून गल्लीभर वायर, आणि रोज रात्री सिनेमा. ज्या कंपन्यांनी व्हिडिओचे हक्क पैसे मोजून घेतले होते, त्या कोर्टात गेल्या. 'गरवारे प्लास्टिक्स अँड पॉलिस्टर विरुद्ध टेलिलिंक' हा मुंबई उच्च न्यायालयाचा १९८९ चा निकाल आजही कायद्याच्या वर्गात शिकवला जातो. केबलवाल्यांचं म्हणणं होतं की लोक आपापल्या घरात बसून बघतात, मग हे सार्वजनिक कसं? न्यायमूर्ती सुजाता मनोहर यांनी ते मान्य केलं नाही. घरं वेगवेगळी असली तरी पैसे भरून बघणारे ते सगळे मिळून प्रेक्षकच.

शेजारच्या मालेगावात याच काळाची वेगळी गोष्ट घडली. तिथे व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी परदेशी सिनेमे दाखवता दाखवता त्यांची काटछाट करायला, तुकडे जोडायला सुरुवात केली. त्यातूनच ते एडिटिंग शिकले. मग यंत्रमागावरच्या दोस्तांना घेऊन 'मालेगाव के शोले' काढला. ज्याला आपण पायरसी म्हणून नाक मुरडतो, तीच कित्येकांची फिल्म इन्स्टिट्यूट होती. कायदा बरोबर होता, आणि हेही खरं आहे. दोन्ही एकदम मान्य करायला हरकत नसावी.

पुढे सीडी आली, डीव्हीडी आली. २००७ मध्ये मोझर बेअरने तीस-पस्तीस रुपयांत अधिकृत डिस्क विकून पायरसीवाल्यांना घाम फोडला. पण २०१८ मध्ये मोझर बेअरवर अवसायनाची वेळ आली, आणि त्याच वर्षी व्हिडिओकॉन दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेलं. त्याआधीच, २०१६ मध्ये, जपानच्या फुनाई कंपनीने व्हीसीआर बनवणं थांबवलं होतं. जगातला शेवटचा व्हीसीआर बनवणारा तोच.

मग 'पोलीस स्टोरी'चं काय झालं? त्याचं भलं झालं. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या क्रायटेरियनने पहिला आणि दुसरा भाग फोर-के पद्धतीने नव्याने दुरुस्त करून ब्लू-रेवर आणला. पूर्ण रुंद चित्र, मूळ कँटोनीज आवाज. मात्र अमेरिकेची ब्लू-रे 'ए' विभागाची आणि भारत 'सी' विभागात, त्यामुळे इथल्या साध्या प्लेअरवर ती डिस्क चालायची नाही. तरी सिनेमा वाचला, कारण त्याचं मूळ साहित्य जपलेलं होतं, त्याला मालक होता आणि बाजार होता.

आता खरा मुद्दा. आपल्या माळ्यावरच्या कॅसेटला यातलं काहीच नाही. मालक नाही, बाजार नाही, मूळ निगेटिव्ह नाही. जे आहे ते त्या टेपवरच. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ चा, विद्यापीठाचा नामविस्तार १४ जानेवारी १९९४ चा. तो सगळा काळ व्हिडिओ कॅसेटचा. लग्नं, गल्लीतले गणपती, भीमजयंतीच्या मिरवणुका, ईदचे मेळावे, कॉलेजची गॅदरिंग, जुन्या गुलमंडीचे रस्ते. शहराचं नाव बदललं, रस्ते रुंद झाले, वाडे पडले. पूर्वीचं शहर हलताना, बोलताना कुठे दिसेल तर या टेपांवर.

आणि टेप थांबत नाही. दमट जागेत बुरशी धरते, चुंबकीय थर सुटतो, चित्र उडतं. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, पण ते सिनेमासाठी. तुमच्या मावशीच्या लग्नाची कॅसेट तिथे कुणी नेणार नाही. ते काम शहराचंच. एक चालू व्हीसीआर, एक कॉम्प्युटर, टेप उतरवून घेण्याचं एक छोटं उपकरण आणि वेळ, एवढंच लागतं. तीन तासांची कॅसेट उतरवायला तीन तासच लागतात, तिथे घाई चालत नाही. महापालिकेच्या एखाद्या वाचनालयात किंवा विद्यापीठाच्या इतिहास विभागात अशी एक खोली सुरू करणं फार खर्चाचं नाही. लोकांनी कॅसेट आणावी, प्रत घेऊन जावी, आणि परवानगी असेल तर एक प्रत शहरासाठी ठेवावी.

तोपर्यंत घरच्या घरी एवढं करा. कॅसेट पुस्तकासारख्या उभ्या ठेवा, लोहचुंबक आणि स्पीकरपासून लांब, कोरड्या जागी. बुरशी दिसली तर व्हीसीआरमध्ये घालू नका, टेपही जाईल आणि मशीनही. वर नाव आणि साल लिहून ठेवा, कारण लग्न कुणाचं हे ओळखणारी माणसंही आता कमी होत चाललीत.

कुणाकडे चालू व्हीसीआर असेल, कुणी जुना व्हिडिओ शूटिंगवाला हे वाचत असेल, तर जरूर सांगा. निवेदन मी लिहितो, सह्या आपण मिळून गोळा करू.