आधी बोलणे की आधी वाचन? ढाक्यातून उठलेला वाद

इंग्रजी शिकू लागलेल्या मुलाने आधी बोलावे की आधी वाचावे? जवळपास शंभर वर्षांपूर्वी या प्रश्नाचे एक धाडसी उत्तर ढाक्यातून आले. मायकेल वेस्ट हे तेथील शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालयाचे प्राचार्य. बंगालमधील द्विभाषिकतेवरील त्यांचा ग्रंथ १९२६ साली प्रसिद्ध झाला.

विम्याची पॉलिसी मुदतीआधी मोडल्यास जी रक्कम हाती येते, तिला ‘सरेंडर व्हॅल्यू’ म्हणतात. वेस्ट यांनी हीच कसोटी शिक्षणाला लावली. मुलगा मध्येच शाळा सोडून गेला, तर त्याच्या पदरी काय उरते? अर्धवट शिकलेले बोलणे खेड्यात कोणाशी वापरणार? वाचन मात्र एकट्यालाही चालू ठेवता येते. म्हणून आधी वाचन. वसाहतीच्या शिक्षणसेवेतील अधिकाऱ्याने पदवीधराऐवजी गळती झालेल्या मुलाचा हिशेब मांडावा, हे विशेषच.

त्याच दशकात टोकियोत हॅरल्ड पामर नेमके उलट सांगत होते: आधी कान, मग जीभ, पुस्तक त्यानंतर.

वेस्ट यांच्यापुढे अडचण उभी राहिली ती शब्दांची. अक्षरे जुळवून ओळ वाचता आली, तरी तीत अनोळखी शब्दांची गर्दी असेल तर अर्थ लागत नाही. म्हणून त्यांनी आपल्या वाचनमालेत दुर्मीळ शब्द गाळले. नवे शब्द अंतरा-अंतराने आणले आणि पुनःपुन्हा योजले. बोलत्या भाषेत मुलाच्या कानांवर शब्द जसा वारंवार पडतो, तीच आवृत्ती त्यांना पानावर घडवावी लागली. बोलण्याला बगल देणाऱ्या पद्धतीने बोलण्याचेच काम कागदाकडून करून घेतले, असे म्हणणे वावगे ठरू नये.

१९३४ साली न्यूयॉर्कमधील परिषदेत वेस्ट आणि पामर शब्दनिवडीच्या प्रश्नावर एकत्र बसले. तेथून पुढे आलेली सुमारे २००० शब्दांची सूची वेस्ट यांनी १९५३ साली सुधारून प्रसिद्ध केली.

घरी अन्य भाषा बोलणाऱ्या मुलांच्या वाचनाविषयी अमेरिकेतील तज्ज्ञमंडळाचा अहवाल २००६ साली आला. शब्द उच्चारून वाचण्यात ही मुले इंग्रजीभाषक मुलांच्या बरोबरीने येतात. मागे पडतात ती आकलनात, कारण त्यासाठी लागणारा शब्दसंग्रह आणि ऐकून समजण्याची क्षमता तोकडी असते, असा त्याचा निष्कर्ष होता. मातृभाषेतील वाचनाचाही इंग्रजी वाचनाला उपयोग होतो, असे त्यात नोंदले आहे. ढाक्यातील मुलांजवळ बंगाली होतीच.