मोती, मीठ आणि हृदयाचा ठोका

युनानी दवाखान्यांत, अत्तर-सुरम्याच्या दुकानांत ‘खमीरा मरवारीद’ची डबी आजही दिसते. मरवारीद म्हणजे मोती. छातीत धडधड होते, जीव घाबरतो, अशी तक्रार असली की जुने हकीम ‘खफकान’ म्हणत आणि खमीरा देत. ‘खमीरा आबरेशम हकीम अर्शदवाला’ हा त्याहून भारी. त्यात रेशमाच्या कोशाबरोबर मोती आणि याकूतही पडतात.

पुसदला ही परंपरा परकी नाही. वऱ्हाडचा कारभार 1853 मध्ये इंग्रजांकडे गेला, पण पैनगंगा ओलांडली की 1948 पर्यंत निजामाचंच राज्य होतं. हैदराबाद दरबाराने युनानीला आश्रय दिला होता.

या औषधांचं मूळ इब्न सिना (980–1037) यांच्यापर्यंत जातं. ‘अल-कानून’ हा त्यांचा ग्रंथ सर्वांना माहीत आहे. त्याशिवाय केवळ हृदयाच्या औषधांवर त्यांनी एक स्वतंत्र रिसाला लिहिला, ‘अल-अदवियतुल कल्बिया’. वनस्पतींसोबत मोती, पोवळं, याकूत, सोनं, चांदी यांची चर्चा त्यात आहे. पुढे तो लॅटिनमध्येही गेला. नाडीचे प्रकारही हकिमांनी बारकाईने नोंदवले: हरणासारखी उडी घेणारी ‘गजाली’, मुंगीच्या चालीची ‘नमली’, करवतीसारखी ‘मिनशारी’. यंत्र नसताना बोटांनी ठोक्याची लय वाचण्याची ही विद्या होती.

आता दुसरी कथा. 1882-83 मध्ये लंडनचे डॉक्टर सिडनी रिंगर बेडकाचं हृदय मिठाच्या पाण्यात ठेवून प्रयोग करत होते. ते छान चालत होतं. मग कळलं की सहायकाने ऊर्ध्वपातित पाण्याऐवजी नळाचं पाणी वापरलं होतं. शुद्ध पाणी घेतलं तर ठोके मंदावून थांबत. फरक नळाच्या पाण्यातल्या कॅल्शियमचा होता. थोडं पोटॅशियमही लागतं, हेही रिंगरनी दाखवलं. पुसदच्या कुठल्याही दवाखान्यात लावली जाणारी ‘आरएल’ची बाटली, म्हणजे रिंगर लॅक्टेट, त्याच संशोधनातून आली आहे.

मोती म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. मग इब्न सिनांना हे आधीच ठाऊक होतं का? नाही, असंच म्हणावं लागेल. ते ‘मिजाज’ आणि ‘रूह’ या चौकटीत विचार करत होते. शिवाय रक्तातलं कॅल्शियम शरीर स्वतःच काटेकोर सांभाळतं. मोती खाल्ल्याने ठोका सुधारत नाही. सगळं आपल्या किताबांत होतंच, असं म्हणणं हा इब्न सिनांचा सन्मान नव्हे. ते स्वतः औषधांच्या परीक्षेचे नियम लिहून गेले.

त्या वृत्तीचे खरे वारस पाहायचे तर हकीम अजमल खान पाहा. दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात त्यांनी रसायनशास्त्रज्ञ सलीमुज्जमान सिद्दीकी यांना संशोधनाला बसवलं. हकीमसाहेब 1927 मध्ये गेले. 1931 मध्ये सिद्दीकींनी सर्पगंधेतून एक द्रव्य वेगळं केलं आणि त्याला ‘अजमलीन’ नाव दिलं. ते खनिज नव्हे, वनस्पतिज. पण हृदयाच्या लयीवर काम करतं. ‘ब्रुगाडा’ नावाचा लयदोष ओळखण्यासाठी डॉक्टर आजही ते वापरतात. परंपरा प्रयोगशाळेत नेली, म्हणून ती जगाच्या उपयोगी पडली.

हे आज सांगायचं कारण आहे. मॅग्नेशियम-पोटॅशियमच्या गोळ्या आता चिठ्ठीशिवाय, मोबाइलवरून घरपोच येतात. रक्तात ही खनिजं कमी झाली तर लय बिघडते, हे खरं. एका विशिष्ट जीवघेण्या लयदोषात शिरेतून मॅग्नेशियम देतातही. पण पोटॅशियम प्रमाणाबाहेर गेलं तर हृदय थांबू शकतं. मूत्रपिंड अशक्त असेल, किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्या चालू असतील, तर धोका वाढतो. कुश्त्यांचंही तेच: काही देशी औषधांत शिसं आणि पारा आढळला आहे.

निरोगी माणसाला ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण, केळं, शेंगदाणे यांतून ही खनिजं मिळतातच. धडधड वारंवार होत असेल, चक्कर येत असेल, तर आधी ईसीजी आणि रक्ततपासणी करून घ्यावी. जुना हकीमही नाडी पाहिल्याशिवाय खमीरा देत नसे.