कुरुक्षेत्राची अपुरी वाट : पानिपतच्या मोहिमेतील यात्रेकरू

पानिपतच्या तिसऱ्या युद्धाचा विचार करताना मराठी इतिहासलेखनाने सेनापती, सरदार, तोफखाना आणि रसद यांचा जितका सूक्ष्म ऊहापोह केला आहे, तितका त्या मोहिमेबरोबर चालत गेलेल्या यात्रेकरूंचा केलेला नाही. त्यांचा उल्लेख येतो तो बहुधा पराभवाच्या कारणांच्या यादीत. 'बाजारबुणगे' या एका शब्दात व्यापारी, नोकरचाकर, सरदारांचे कुटुंबकबिले आणि तीर्थयात्री हे सर्वजण एकत्र कोंबले जातात, आणि या लोढण्यामुळे सैन्याची चपळाई गेली असा निर्णय दिला जातो. लष्करी दृष्टीने हा निर्णय चुकीचा आहे असे नाही. परंतु तो सेनापतीच्या तंबूत बसून दिलेला आहे. ज्या हजारो स्त्री-पुरुषांनी दक्षिणेतून दिल्लीपर्यंतची सुमारे १४०० किलोमीटरची वाट, बहुतांशी पायी, तुडवली, ते लष्कराबरोबर का निघाले आणि कोणत्या विश्वासावर निघाले, हा प्रश्न त्यात उपस्थितच होत नाही. प्रस्तुत निबंधात पानिपतची मोहीम एका दीर्घ तीर्थमार्गाच्या इतिहासाचा भाग म्हणून पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

महाराष्ट्रातून उत्तरेकडे जाणारी यात्रेची वाट पेशवाईहून पुष्कळ जुनी आहे. नामदेवांच्या नावावरील तीर्थावळीचे अभंग आणि पंजाबातील घुमान येथे आजही जपली जाणारी त्यांची स्मृती या दोन्ही गोष्टी तिच्या प्राचीनतेची साक्ष देतात. काशी, प्रयाग आणि गया ही त्रिस्थळी यात्रा घडणे म्हणजे जन्माचे सार्थक, ही भावना अठराव्या शतकातील मराठी समाजात खोलवर रुजलेली होती. कुरुक्षेत्राचे स्थान त्याहून थोडे वेगळे होते. गीतेवरील मराठी टीका घरोघर व मठामंदिरांतून ऐकणाऱ्या माणसाला त्या भूमीचे नाव बालपणापासून परिचित होते. पाय तेथे पोहोचण्यापूर्वीच कान तेथे पोहोचलेले होते.

इच्छा जुनी असली तरी प्रवास सोपा नव्हता. नद्यांचे उतार, ठिकठिकाणच्या जकाती, यात्राकर, चोर-लुटारू आणि बदलत्या राजवटी यांतून एकट्या-दुकट्याने जाणे जवळजवळ अशक्य होते. म्हणून यात्रा नेहमी संघाने होई. एखादा सरदार, सावकार किंवा राजघराण्यातील व्यक्ती यात्रेस निघाली की आसपासच्या गावांतील लोक तिच्या सोबतीला लागत. मार्गातील अधिकाऱ्यांकडून दस्तके मिळवली जात. रोकड जवळ बाळगण्याऐवजी सावकारी पेढ्यांच्या हुंड्या नेल्या जात. तीर्थाच्या ठिकाणी क्षेत्रोपाध्ये उतरण्याची व धर्मकृत्यांची व्यवस्था करीत. यात्रा ही श्रद्धेची बाब होती, तशीच ती पत, ओळख आणि अभय यांवर चालणारी एक संस्थाही होती. दिल्ली दरबारातील मराठ्यांचे वकील हिंगणे हे मूळचे नाशिकचे तीर्थोपाध्याय घराणे होते, ही गोष्ट या संदर्भात लक्षणीय ठरते. यात्रेकरूंची वाट आणि राजकारणाची वाट एकाच घराण्यात एकत्र आलेल्या होत्या.

या संस्थेचे सर्वांत यशस्वी उदाहरण म्हणजे बाजीरावांच्या मातोश्री राधाबाई यांची उत्तर यात्रा. फेब्रुवारी १७३५ मध्ये त्यांनी पुणे सोडले. उदयपूर व जयपूर येथील राजांचा पाहुणचार घेऊन त्या मथुरा, वृंदावन, कुरुक्षेत्र, प्रयाग, काशी आणि गया अशी यात्रा करून १७३६ च्या उन्हाळ्यात परतल्या. जयपूरच्या सवाई जयसिंहाने त्यांचे अत्यंत आदराने स्वागत केले. याहून बोलका प्रसंग महंमदखान बंगश याचा आहे. १७२९ मध्ये बुंदेलखंडात बाजीरावांनी ज्याला कोंडीत पकडून नमवले होते, त्याच बंगशाने आपल्या मुलखातून राधाबाईंना सन्मानपूर्वक पुढे पोहोचवले. मुलाशी वैर, पण यात्रेला निघालेल्या आईला अभय, असा हा व्यवहार होता. राधाबाईंबरोबर शिबंदी होती. तथापि सव्वा वर्षाची ही यात्रा सुरक्षित झाली ती शिबंदीच्या बळावर नव्हे. वाटेवरच्या माणसांनी ती आपली मानली, म्हणून ती पार पडली.

पुढील पंचवीस वर्षांत वाट तीच राहिली, वाटेवरची माणसे मात्र दुरावत गेली. राजपूत राज्यांच्या वारसाकलहांत मराठ्यांनी केलेले हस्तक्षेप आणि खंडणीचा तगादा यांमुळे जुना स्नेह आटला. ज्या जयपुरात राधाबाईंचा सत्कार झाला, त्याच जयपुरात जानेवारी १७५१ मध्ये शहर पाहण्यास व खरेदीस शिरलेल्या मराठ्यांची मोठ्या संख्येने कत्तल झाली. १७५४ मध्ये सूरजमल जाटाच्या कुंभेर किल्ल्याला वेढा पडला आणि त्यात मल्हारराव होळकरांचे पुत्र खंडेराव मारले गेले. १७५७ मध्ये अहमदशाह अब्दालीच्या फौजांनी मथुरा व वृंदावन येथे भीषण कत्तल केली. जानेवारी १७६० मध्ये दिल्लीजवळच्या बुराडी घाटावर दत्ताजी शिंदे पडले. यात्रेकरूंच्या दृष्टीने पाहिल्यास या सर्व घटनांचा एकच अर्थ होता : संघाने, दस्तकांवर व ओळखींवर चालत जाण्याचे दिवस संपले होते. उत्तरेची वाट आता फौजेच्या सावलीतच चालता येणार होती.

याच वेळी मार्च १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंचे लष्कर मराठवाड्यातील परतूर येथून उत्तरेकडे निघाले. त्याच्याबरोबर यात्रेकरू निघाले यात अविवेक शोधण्याचे कारण नाही. आजवर जे सरदारांच्या सोबतीने जात होते, ते आता पेशव्यांच्या मुख्य सेनेबरोबर गेले. त्यांच्या समजुतीने याहून मोठा आणि सुरक्षित संघ असू शकत नव्हता. अठरा वर्षांचे बाळाजी जनार्दन, म्हणजे पुढे प्रसिद्धीस आलेले नाना फडणीस, आपली आई व पत्नी यांच्यासह या मोहिमेत होते, आणि त्यांच्या कुटुंबाच्या प्रवासामागे तीर्थयात्रेचा हेतू होता. फडणिशीचे घराणे जर असा विचार करते, तर सामान्य यात्रेकरूने निराळा विचार का करावा?

बऱ्हाणपूर, हंडिया, सिरोंज, ग्वाल्हेर असे मुक्काम करीत, नर्मदा व चंबळ ओलांडून लष्कर जुलैमध्ये आग्रा-मथुरेच्या प्रदेशात आले. मथुरेचे दर्शन ही या यात्रेकरूंची पहिली मोठी प्राप्ती होती, आणि त्यांच्यापैकी अनेकांची ती अखेरचीही ठरली. जड सामान व बायकामुले मागे सुरक्षित ठेवून सड्या फौजेनिशी पुढे जावे असा सल्ला सूरजमलने याच सुमारास दिला. तो मानला गेला नाही, याबद्दल भाऊसाहेबांवर पुष्कळ टीका झाली आहे. ती करताना एक प्रश्न मात्र विचारावयास हवा. मागे राहायचे ते कोणाच्या भरवशावर? ज्या जाट राजाच्या किल्ल्याला सहा वर्षांपूर्वी वेढा घातला होता, त्याच्याच आश्रयाला आपली कुटुंबे ठेवण्याइतका विश्वास आता शिल्लक नव्हता. अविश्वास दोन्ही बाजूंनी होता. ऑगस्टमध्ये सूरजमल मराठ्यांची बाजू सोडून निघून गेला.

२ ऑगस्ट १७६० रोजी दिल्लीचा किल्ला मराठ्यांच्या ताब्यात आला. यात्रेकरूंची स्थिती येथे विलक्षण चमत्कारिक झाली. गंगास्नानाच्या ओढीने ते इतके दूर आले होते. दिल्लीहून गंगेवरचे गढमुक्तेश्वर शंभर किलोमीटरच्या आतबाहेर. पण मध्ये पुराने दुथडी भरलेली यमुना आणि पलीकडे दुआबात अब्दालीचे सैन्य होते. त्याची छावणी गंगेच्याच काठी, अनूपशहर येथे होती. प्रयाग व काशीचा मार्ग ज्याच्या मुलखातून जात होता, तो अयोध्येचा नवाब शुजाउद्दौला जुलैमध्येच अब्दालीला जाऊन मिळाला होता. म्हणजे राजधानी हाती आली आणि गंगा मात्र बंद झाली. लष्करात पैशाची व धान्याची टंचाई इतकी वाढली की बादशाही दिवाण-इ-खासचे चांदीचे छत काढून नाणी पाडावी लागली. यात्रेकरूंनी गाठीशी बांधून आणलेली पुंजी या दोन-अडीच महिन्यांच्या सक्तीच्या मुक्कामात किती टिकली असेल, याची कल्पना यावरून करता येते.

एकच मोठे तीर्थ आता यमुनेच्या अलीकडे, मोकळ्या बाजूला उरले होते, ते म्हणजे कुरुक्षेत्र. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात भाऊसाहेब दिल्लीहून उत्तरेकडे निघाले आणि १७ ऑक्टोबर रोजी त्यांनी कुंजपुरा जिंकले. धान्य मिळाले, दसरा साजरा झाला, आणि लष्कर कुरुक्षेत्राच्या दिशेने वळले. तीर्थ दोन-तीन मजलांवर आले होते. लष्करी दृष्टीने हा विलंब घातक ठरला असे म्हटले जाते. परंतु सात महिने चाललेल्या समुदायाच्या दृष्टीने त्या मजला हेच प्रवासाचे प्रयोजन होते. तेवढ्यात वार्ता आली की अब्दालीने बागपतजवळ यमुना ओलांडली. दिल्लीकडचा रस्ता, म्हणजेच दक्षिणेकडे परतण्याचा रस्ता, त्याने अडवला होता. लष्कर माघारी फिरले आणि पानिपत येथे खंदक खोदून राहिले. तेथून कुरुक्षेत्र सुमारे ७० किलोमीटर उत्तरेस होते. पुढे तीर्थ, मागे घर, आणि दोन्हींकडे जाण्याची सोय नाही, अशा स्थितीत यात्रेकरूंनी नोव्हेंबरपासून जानेवारीपर्यंतचा काळ काढला. डिसेंबरमध्ये दुआबात गोविंदपंत बुंदेले मारले गेल्यावर रसदीची उरलीसुरली आशाही मावळली.

१४ जानेवारी १७६१, पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२, या दिवशी सैन्य खंदकाबाहेर पडले. गोलाच्या रचनेचा एक हेतू, निर्लढाऊ समुदायाला मध्ये घेऊन मार्ग काढावा, हाच होता. ते साधले नाही. दुपारनंतर सैन्याची फळी मोडली आणि पुढची कत्तल लढणाऱ्यांपुरती मर्यादित राहिली नाही. पुष्कळ स्त्रिया व मुले बंदीवान झाली. शुजाउद्दौलाच्या पदरी असलेल्या काशीराज पंडिताने फारसीत लिहून ठेवलेली हकीकत या दिवसाची प्रत्यक्षदर्शी साक्ष आहे.

येथून यात्रेचा तिसरा टप्पा सुरू होतो, आणि इतिहासाला तोच सर्वांत कमी ठाऊक आहे. जे वाचले, ते पुन्हा पायी चालू लागले. या वेळी सोबतीला ना लष्कर होते, ना संघ. नाना फडणिसांनी आपल्या अपूर्ण आत्मवृत्तात या पलायनाची हकीकत सांगितली आहे. अंगावरची वस्त्रे टाकून, उंच गवतात लपत, अनोळखी गावांतून चालत ते रेवाडीकडे आले व तेथून पुढे डीगला पोहोचले. त्यांची पत्नी नंतर सुखरूप भेटली. आई परतल्या नाहीत. पुढे जवळजवळ चार दशके मराठी राज्याचा हिशेब सांभाळणाऱ्या माणसाच्या आयुष्यातील ही पहिली दीर्घ पदयात्रा होती, आणि तिच्यात त्याला अन्न व आसरा मिळाला तो वाटेवरच्या अपरिचितांकडून. हजारो निराश्रितांना सूरजमलने आपल्या मुलखात अन्न, वस्त्र व औषधोपचार दिले आणि ग्वाल्हेरकडे वाटेस लावले. कुटुंबे ज्याच्या भरवशावर ठेवावयास मराठ्यांचे मन धजावले नाही, त्याच राजाने त्यांतील उरलेल्यांना वाचवले. राधाबाईंच्या यात्रेत बंगशाने जो धर्म पाळला, तोच सव्वीस वर्षांनी जाट राजाने पाळला. यात्रेचा जुना संकेत मोडला नव्हता; त्याच्यावरचा विश्वास मोडला होता.

या सर्व विवेचनाचा निष्कर्ष असा की, पानिपतच्या यात्रेकरूंना केवळ लोढणे म्हणणे म्हणजे परिणामालाच कारण समजणे होय. शांततेच्या काळात वाटेवरच्या स्नेहाने जी यात्रा घडत असे, तिला फौजेच्या आश्रयाला यावे लागले, कारण तो स्नेह राजकारणाने खर्चून टाकला होता. रस्ता तलवारीने जिंकता येतो, पण एवढ्यानेच तो चालण्याजोगा होत नाही. ही जाणीव पुढील पिढीला काही प्रमाणात झाली असावी. अहिल्याबाई होळकरांनी देशभर बांधलेले घाट, विहिरी, धर्मशाळा आणि अन्नछत्रे यांकडे केवळ दानधर्म म्हणून न पाहता, तुटलेली यात्रेची वाट पुन्हा सांधण्याचे काम म्हणूनही पाहावयास हवे. महादजी शिंद्यांनी दिल्लीत बसवलेली घडी १८०३ मध्ये पटपडगंजच्या लढाईने मोडली. काशीचे घाट मात्र वापरात राहिले.

पानिपत, बागपत, अनूपशहर, रेवाडी ही या कथेतील सर्व ठिकाणे आज राष्ट्रीय राजधानी क्षेत्राच्या सीमेत मोडतात. दिल्लीत स्थायिक झालेला मराठी माणूस सकाळी निघून दुपारपर्यंत कुरुक्षेत्राचे दर्शन घेऊ शकतो. वाटेत पानिपतला थांबून तो काला अंब येथील स्मारकापुढे हात जोडतो. ते स्मारक लढून पडलेल्यांचे आहे, आणि ते योग्यच आहे. परंतु तेथे उभे राहिल्यावर क्षणभर उत्तरेकडेही पाहावे. जे लढायला आले नव्हते, त्यांचे ठिकाण तिकडे, तेथून ७० किलोमीटरवर होते.